भागायचं कशाने? पत्तेमोजणीवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ब्लॅकजॅकमधली (डीलरविरुद्ध २१ च्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, पण ओलांडायचं नाही, असा पत्त्यांचा खेळ) हाय-लो मोजणी दिली होती. दुर्री ते छक्की दिसली की एक मिळवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का दिसला की एक वजा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. ही चालती बेरीज म्हणजे रनिंग काउंट. सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांत मात्र बहुतेकांची गाडी पुढच्याच पायरीवर, ट्रू काउंटवर (रनिंग काउंट भागून येणाऱ्या आकड्यावर), अडलेली दिसते.

प्रश्न (कराड): घरी सहा कॅट एकत्र पिसून सराव करतो. दोन कॅट वाटून झाले तेव्हा रनिंग काउंट +८ होता. ८ भागिले २ करून ट्रू काउंट ४ धरला. बरोबर ना?

उत्तर: नाही. भागायचं ते उरलेल्या कॅटनी. उरले चार, म्हणजे ट्रू काउंट २. ही चूक चटकन सापडत नाही, कारण बरोबर निम्मी पानं गेली की तीन गेलेले, तीन उरलेले, आणि उत्तर दोन्हीकडून सारखंच येतं.

मुळात भागायचं का, ते पाहू. +८ चा अर्थ एवढाच, की न दिसलेल्या पानांत लहानांपेक्षा मोठी पानं आठने जास्त आहेत. ही आठ पानं २०८ मध्ये विखुरलेली असली तर फारसा फरक पडत नाही. शेवटच्या ५२ मध्ये असली तर डावाचा रंगच पालटतो. मोठ्या पानांचा फायदा खेळणाऱ्याला होतो. ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच २१) दोघांनाही सारखाच लागतो, पण तुम्हाला त्यावर दीडपट मिळतात (जिथे पाचाला सहाच देतात तिथे बसूच नये), डीलरला फक्त तुम्ही लावलेले. शिवाय १२ ते १६ वर डीलरला पान घ्यावंच लागतं आणि मोठं आलं की तो २१ च्या पलीकडे जातो. तुम्हाला थांबायची मुभा असते.

आकड्यांत सांगायचं तर ट्रू काउंट एकाने वाढला की पारडं साधारण अर्ध्या टक्क्याने तुमच्याकडे झुकतं. सहा कॅटच्या खेळात बेसिक स्ट्रॅटेजी (कोणत्या पानांवर काय करायचं याचे ठरलेले नियम) चोख पाळली तरी सुरुवातीला घर, म्हणजे कॅसिनो, अर्ध्या टक्क्याच्या आसपास वर असतं. म्हणून +१ ला जेमतेम बरोबरी आणि +२ ला अर्धा टक्का फायदा. तुम्ही ४ धरलात, म्हणजे दीड टक्का गृहीत धरून पैसे लावलेत. इन्शुरन्स (डीलरचा एक्का दिसत असताना त्याला ब्लॅकजॅक लागेल यावर लावायची वेगळी पैज) तर हाय-लोमध्ये +३ पासून परवडतो. तुम्ही तो खुशाल घेतला असता आणि तोट्यात गेला असता.

प्रश्न (मिरज): किती कॅट उरले हे मोजायचं कसं? आणि कट कार्डामागची (जिथे वाटप थांबवून पुन्हा पिसतात ती खूण, तिच्या मागची) पानं वाटलीच जात नाहीत, मग ती धरायची का?

उत्तर: धरायचीच. तुम्ही न पाहिलेलं प्रत्येक पान उरलेलंच, मग ते वाटलं जावो वा न जावो. नव्याने शिकणारे ही पानं वगळून भागतात आणि ट्रू काउंट फुगवून ठेवतात.

मोजायचं ते टाकलेल्या पानांच्या ट्रेवरून. एक कॅट साधारण दीड सेंटिमीटर जाडीचा भरतो, पण पट्टी घेऊन कोण बसणार! घरातले जुने कॅट काढा आणि अर्धा, एक, दीड, दोन अशा थप्प्या रचून टेबलावर ठेवा. मग न बघता एखादी थप्पी उचलायची, आकडा बोलायचा आणि पानं मोजून ताडायचा. अर्ध्या कॅटपर्यंत अंदाज बसला की पुरे. सुरुवातीला चूक झाली तरी निभतं: +९ ला पाचाने भागा की साडेचाराने, उत्तर १.८ किंवा २. शेवटी मात्र तीच अर्ध्या कॅटची चूक महागात पडते. त्याच +९ ला दीड कॅट उरलेले असताना दोन धरले तर ६ च्या जागी ४.५ येतात.

प्रश्न (विटा): −५ ला दोनाने भागलं तर −२.५. हे −२ धरायचं की −३?

उत्तर: कोणत्या ट्रू काउंटला काय खेळायचं हे सांगणारा तुमचा तक्ता कशावर बेतलाय ते पाहा. काही तक्ते नेहमी खालचा पूर्णांक घेतात (−३), काही अपूर्णांक नुसता छाटतात (−२). दोन्ही चालतात, सरमिसळ चालत नाही.

प्रश्न (वाई): भागाकार टाळता येईल अशी पद्धत आहे का?

उत्तर: आहे, के-ओ नावाची मोजणी. तीत सत्तीलाही +१ मिळतो, त्यामुळे पूर्ण कॅटची बेरीज शून्यावर न येता +४ होते. सहा कॅटना −२० पासून सुरुवात करतात. डोक्याला त्रास कमी, पण डाव बदलायच्या बारीक निर्णयांत हाय-लोइतकी नेमकी नाही. आमचा कौल हाय-लोलाच. एक कॅट उलटत जा, पन्नासावर दोन पानं झाली की शून्य आलंच पाहिजे. तीस सेकंदांच्या आत जमेपर्यंत भागाकाराकडे वळू नका.

प्रश्न (सातारा): हे सगळं नीट जमलं तर महिन्याकाठी किती सुटतील?

उत्तर: समजा सरासरी एक टक्का फायदा आहे आणि डावाला शंभर रुपये लावता. शंभर डावांत अपेक्षित कमाई शंभर रुपये, आणि नेहमीचा चढउतार सुमारे साडेअकराशेचा, वर किंवा खाली. दहा हजार डावांनंतर कमाई दहा हजार, चढउतार साडेअकरा हजार. म्हणजे एकही चूक न करता पाचांतला साधारण एकजण तेव्हाही तोट्यातच असतो. यावर घर चालवायचा बेत असेल तर सोडून द्या.

शिवाय महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. घरी गणित म्हणून पानं मोजायला काहीच हरकत नाही, पैसे लावून अड्डा मांडला तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे.

प्रश्न (तासगाव): मोबाइलवरच्या ब्लॅकजॅकमध्ये मोजणी चालते का?

उत्तर: बहुतेक ठिकाणी नाही. तिथे दर डावाला सगळी पानं नव्याने पिसली जातात, त्यामुळे तुमचा रनिंग काउंट डाव संपताच शून्य. कॅसिनोतल्या सतत पिसणाऱ्या यंत्रापुढेही मोजणीला जवळपास काहीच अर्थ उरत नाही: टाकलेली पानं लगेच परत आत जातात, मग उरलेले कॅट कायम जवळपास तेवढेच.