वाचक विचारतात: आल्प्समधल्या वायनरी आणि द्राक्षखुडणीचे दिवस

उत्तर इटलीतल्या साउथ टिरोल या डोंगराळ प्रांताबद्दल यंदा बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत.

आमची गोडी छाटणी (द्राक्षवेलीची फळासाठीची छाटणी) ऑक्टोबरमध्ये. सप्टेंबरचे शेवटचे आठ दिवस मोकळे आहेत. तेव्हा तिकडे खुडणी चालू असते का? मुक्काम कुठे करावा? (पिंपळगाव बसवंत)

चालू असते. तिथे वेलीची छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना होते आणि पीकही एकच येतं. लवकर येणाऱ्या पांढऱ्या जाती ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला उतरतात. लाग्राइन आणि काबर्ने या काळ्या जाती ऑक्टोबरपर्यंत जातात. बागा दोनशे मीटरपासून जवळजवळ हजार मीटर उंचीपर्यंत आहेत. म्हणून खालच्या गावातली तोड संपली असेल, तर वरच्या गावात जा. तिथे ती चालू असते.

मुक्काम बोल्झानोत करा. व्हेरोनाहून ट्रेनने साधारण दीड-दोन तास लागतात. तिथून काल्टर्न आणि ट्रामिनला बस जाते, ब्रिक्सनला ट्रेन. बसवर जर्मन आणि इटालियन अशी दोन्ही नावं असतात: ट्रामिन म्हणजेच तेरमेनो, काल्टर्न म्हणजेच काल्दारो. ब्रिक्सनजवळ नॉयश्टिफ्टचा मठ आहे, ११४२ साली स्थापलेला. तिथल्या सिल्वानर आणि केर्नर या पांढऱ्या वाइन चाखून बघा. बऱ्याच हॉटेलांत पाहुण्यांना बस-ट्रेनचा मोफत पास देतात. बुकिंग करतानाच विचारून घ्या.

ट्रामिनच्या आसपास जुन्या बागांत फर्नाच ही जात लाकडी मांडवावर दिसेल. आपल्यासारखा सपाट मांडव नाही, एका बाजूने उतरता. घड खाली लोंबतात, पानांची सावली मिळते. नव्या लागवडी मात्र बहुतेक तारेवर आहेत.

वायनरीला मेल केला तर "खुडणीच्या काळात सेलर टूर नाही" असं उत्तर आलं. मग जाऊन काय उपयोग? (पुणे)

हा उद्धटपणा समजू नका. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. लिटरमध्ये २०० ग्रॅम साखर असेल, तर एका लिटर रसातून जवळपास ५० लिटर वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, तळघरात जमिनीलगत साचतो. वास येत नाही, रंग नाही. वाकून काही उचलायला गेलेला माणूस तिथेच कोसळू शकतो. म्हणून या दिवसांत पाहुण्यांना फर्मेंटेशनच्या टाक्यांजवळ नेत नाहीत, आणि नेलं तरी मार्गदर्शकाच्या पुढे जायचं नाही.

पण खरी मजा दारावर असते, आणि तिला तिकीट लागत नाही. या भागातली बहुतेक वाइन सहकारी वायनरींत बनते. तेर्लानची १८९३ची, ट्रामिनची १८९८ची. साखर कारखान्यासमोर गाड्यांची रांग लागते, तसे दुपारनंतर ट्रॅक्टर उभे राहतात. सकाळी तोडलेला माल तेव्हा येतो. माल हौदात ओतला जातो, रसाचा नमुना काढतात, साखर मोजतात. सभासदाला भाव मिळतो तो वजन आणि प्रत दोन्ही बघून, त्यामुळे आकडा बघताना शेतकऱ्याचा चेहरा आपल्याच बाजार समितीत पाहिल्यासारखा वाटतो. हौदातून द्राक्षं देठ काढणाऱ्या यंत्रात जातात. पांढऱ्या जाती मग थेट प्रेसमध्ये. काळ्या जाती सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो.

एक गफलत टाळा. तिथल्या पाटीवर १८ दिसलं, तर "आमचीच द्राक्षं गोड" म्हणून खूश होऊ नका. तो बाबो अंश, म्हणजे तिथलं रसातली साखर मोजायचं माप आहे. तो फक्त साखर मोजतो, तर आपला रिफ्रॅक्टोमीटर (गोडी मोजायचं उपकरण) रसात विरघळलेलं सगळंच मोजतो, ब्रिक्स या मापात. १८ बाबो म्हणजे सुमारे २१ ब्रिक्स.

टेस्टिंगची वेळ आधी ठरवा, शक्यतो सकाळी दहा-अकराची. दुकानातल्या माणसांनाही दुपारनंतर उसंत नसते आणि रविवारी बरीच दुकानं बंद असतात. ग्लासातलं थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणं असभ्य नाही. सहा वाइन पूर्ण प्यालात, तर चौथीनंतर चव कळायची बंद होते.

आम्ही शाकाहारी, आई-बाबा सोबत. "तोर्गेलन" म्हणजे नेमकं काय? (डोंबिवली)

ऑक्टोबरपासून शेतकऱ्यांच्या घरगुती खानावळीत नवी वाइन आणि भाजलेले चेस्टनट, हा त्याचा गाभा. ताटात मात्र सॉसेज आणि डुकराचं मांस भरपूर. तुमच्यासाठी श्लुत्सक्राप्फन मागवा: पालक आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या अर्धगोल करंज्या, वर वितळलेलं लोणी. क्नोडल म्हणजे पावाचे उकडलेले गोळे. चीजचे किंवा पालकाचे मागा, नुसतं क्नोडल म्हटलंत तर बेकनचे येतील. सातूचं सूप साधं दिसतं, पण त्यात बहुधा खारवलेलं मांस असतं. "ओने श्पेक", म्हणजे बेकनशिवाय, एवढं पाठ करून जा. न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाचा ताजा रस असतोच. सफरचंदांचा आणि द्राक्षांचा हंगाम एकच आहे.

"झ्यूसर" नावाचा गोड, अर्धवट आंबलेला रस तिथेच प्या. बाटलीत तो आंबतच राहतो. घट्ट बूच लावलंत तर बाटली फुटते.

गाडी भाड्याने घ्यावी का? बाटल्या किती आणता येतात? (नाशिक)

टेस्टिंगच्या दिवशी नको. इटलीत रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमची मर्यादा आहे आणि लायसन्स तीन वर्षांपेक्षा नवं असेल, तर शून्य. भारतात ड्यूटीशिवाय आणता येते माणशी दोन लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. एक भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवा.

फर्नाचच्या चार काड्या आणल्या तर? (निफाड)

आणू नका. आयात परवाना आणि क्वारंटाइनशिवाय वेलीची काडी देशात आणणं बेकायदा आहे, आणि काडीसोबत येणारा रोग आधी तुमच्याच बागेत पसरेल.