सरळ सिन्नर फाट्यापर्यंत

प्रश्न : माझे मिस्टर ७१ वर्षांचे, प्रेसमधून रिटायर झालेले. मार्चमध्ये डॉक्टरांनी सौम्य डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सांगितला. गाडी मात्र रोज काढतात. परवा नाशिकरोडच्या बिटको चौकात जेलरोडकडे वळायचं सोडून सरळ सिन्नर फाट्यापर्यंत गेले. बोललं की म्हणतात, "चाळीस वर्षं चालवतोय, लायसन्स अजून तीन वर्षं आहे." किल्ली काढून घेऊ का?
– एक वाचक, जेलरोड

उत्तर : ताई, नुसत्या निदानावरून किल्ली काढून घेऊ नका. सौम्य अवस्थेत काही जण काही काळ नीट चालवतात. पण त्यांच्या 'मला जमतं'वरही जाऊ नका. आपलं चुकतंय हेच या आजारात अनेकदा उमगत नाही. शेजारी बसणाऱ्याचा अंदाज जास्त खरा निघतो.

म्हणून दोन-तीनदा शेजारी बसा आणि गप्प बसा. हे फार अवघड आहे. माझे वडील चालवायचे तेव्हा आई मागून "ब्रेक मारा, रिक्षा आली" सुरूच असायची. मला वाटायचं, काय कटकट! खरं तर गाडी तीच चालवत होती, हे मला सहा महिन्यांनी कळलं. आणि मी डॉक्टर!

रस्ता एखाद्या वेळी कुणीही चुकतो. ओळखीचा रस्ता पुन्हा पुन्हा चुकतोय का, ते बघा. द्वारका चौकात चहूकडून गाड्या येताना गोंधळतात का? उजवीकडे वळताना समोरच्या गाडीचा अंदाज चुकतो का? बंपरवर नवे ओरखडे? एकदा जरी तुम्हाला ओरडावं लागलं, तर गाडी त्या दिवसापासून बंद.

लायसन्सचं म्हणाल, तर पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांनी रिन्यू होतं. हा आजार तेवढा थांबत नाही. दर सहा महिन्यांनी न्यूरोलॉजिस्टना दाखवा आणि गाडीचा विषय तुम्हीच काढा. झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. तोवर रात्रीचं चालवणं नको, द्वारका नको.

बंद करायची वेळ आली, तर डॉक्टरांच्या तोंडून सांगा. तुम्ही वाईट होऊ नका. आमच्याकडे गाडी विकली नाही, माझ्या मुलाला दिली. रविवारी तो आजोबांना सोमेश्वरला न्यायचा. ते पुढे बसून त्याला गिअर कधी बदलायचा ते सांगायचे, आणि आई मागे गप्प.