मॅकॅफीचे शेअर विका, पण आधी ती पॉलिसी बघा

कॅलिफोर्नियातल्या एका वाचकाचे ऑक्टोबर २०१० मधले पत्र, आणि त्याला तेव्हाच दिलेले उत्तर :

"२००९ च्या सुरुवातीला मी मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीचे ५०० शेअर सरासरी ३१ डॉलरना घेतले. या एप्रिलमध्ये त्यांच्या सदोष अपडेटमुळे विंडोज एक्सपीची मशीन बंद पडली, तेव्हाही विकले नाहीत. आता चिप बनवणारी इंटेल मॅकॅफीला विकत घेते आहे आणि शेअरमागे ४८ डॉलर रोख देणार आहे. बाजारात भाव ४७ च्या आसपास आहे. आत्ता विकू, की ४८ साठी थांबू? आलेली सगळी रक्कम इंटेलमध्ये घालायचा विचार आहे. यापुढे सुरक्षा चिपमध्येच येणार, त्यामुळे इंटेलचा १९ चा शेअर दोन-तीन वर्षांत ४० होईल असे वाटते. वय ३८, वर्षाचा पगार १,१०,००० डॉलर, पत्नी घरी असते, दोन मुले लहान आहेत. निवृत्तीची काळजी नाही, कारण मंडळातल्या एका स्नेह्यांकडून दोन वर्षांपूर्वी महिना ७०० डॉलरची इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी (आयुर्विमा आणि शेअर निर्देशांकाप्रमाणे वाढणारा साठा एकत्र) घेतली. त्यासाठी ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यात पैसे घालणे, तेवढे बंद करावे लागले. वेगळी शिल्लक ठेवलेली नाही. पॉलिसीत पैसे साठतातच."

विका. याच आठवड्यात.

थांबून शेअरमागे एक डॉलर, म्हणजे ५०० डॉलर जास्त मिळतील. सौदा मोडला तर भाव १९ ऑगस्टच्या घोषणेआधी होता तिथे, ३० च्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे साडेआठ हजारांचा फटका. भागधारकांचे मतदान आणि अमेरिका-युरोपच्या नियामकांची मंजुरी अजून बाकी आहे. सौदा बहुधा होईल, पण ५०० डॉलरसाठी हा धोका तुम्ही का घ्यायचा? शिवाय दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा १५ टक्के फेडरल कर आजच्या कायद्याप्रमाणे ३१ डिसेंबरपर्यंतच आहे. काँग्रेसने मुदत वाढवली नाही आणि सौदा पुढच्या वर्षी पुरा झाला, तर २० टक्के लागेल. साडेआठ हजारांच्या नफ्यावर ते पाच टक्के म्हणजे सव्वाचारशे. थांबण्याचा फायदा जवळपास तिथेच संपला.

इंटेलमध्ये मात्र यातला एक डॉलरही घालू नका. १९ चा शेअर ४० व्हायचा तर कंपनीचे बाजारमूल्य शंभर अब्ज डॉलरहून जास्त वाढावे लागेल. अख्खी मॅकॅफी मिळते आहे ७.६८ अब्जांना, तीही आदल्या दिवसाच्या भावावर साठ टक्के जादा मोजून. मॅकॅफीची वर्षाची विक्री दोन अब्जांच्या आत, इंटेलची गेल्या वर्षीची ३५ अब्ज. अँटिव्हायरस चिपमध्ये बसवला म्हणून चिप दुप्पट किमतीला विकली जाणार नाही. घोषणेच्या दिवशी मॅकॅफीचा शेअर उसळला आणि इंटेलचा तीनेक टक्के पडला, यातच बाजाराने आपले मत दिले. या सौद्यातला घसघशीत फायदा विकणाऱ्याच्या पदरात पडतो, आणि तो तुमच्या पदरात पडलेलाच आहे.

तुमचा प्रश्न इथे संपला. पण तुमच्या पत्रातली सर्वांत महाग ओळ पॉलिसीची आहे.

पत्रासोबतच्या विवरणाप्रमाणे दोन वर्षांत तुम्ही १६,८०० डॉलर भरले आणि आज पॉलिसी मोडली तर हातात साधारण ५,००० येतात. गेले बारा हजार. पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंत तुम्ही ४०१(के)मध्ये जे घालाल, त्याच्या निम्मे तुमची कंपनी स्वतःचे घालते. वर्षाला तुमचे ६,६०० तर त्यांचे ३,३००. ही पगाराचाच भाग असलेली रक्कम तुम्ही दोन वर्षे नाकारलीत. तिचे ६,६०० आणि पॉलिसीतले बारा हजार, एकूण साडेअठरा हजार गेले. मॅकॅफीने दिले आठ हजार.

त्या स्नेह्यांनी दिलेल्या छापील तक्त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ धरली आहे, तीस वर्षे, एकही वर्ष न चुकता. असा तक्ता कुटुंबवत्सल माणसापुढे ठेवून "करमुक्त पेन्शन" म्हणून सही घेतात, याची मला मनापासून चीड येते. त्याच पानाखालच्या बारीक अक्षरांत लिहिले आहे की वाढीवर १२ टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती बदलण्याचा हक्क विमा कंपनीकडे आहे. निर्देशांकातला लाभांश तुम्हाला मिळत नाही. तोच वर्षाला दोनेक टक्के असतो. बाजार पडला तर शून्य, तोटा नाही, असे सांगितले जाते. पण त्या शून्याच्या वर्षीही विम्याचा खर्च आणि प्रशासनाचा खर्च तुमच्या साठ्यातून जातोच, आणि विम्याचा दर वयाबरोबर चढत राहतो. पुढे पेन्शन म्हणून जे काढाल ते खरे तर पॉलिसीवर घेतलेले कर्ज असेल. त्याच्या ओझ्याने पॉलिसी म्हातारपणी बंद पडली, तर नफ्यावरचा कर एकदम अंगावर येईल.

विमा तुम्हाला हवाच. घरात एकच पगार आहे. वीस वर्षांची, पाच लाख डॉलरची टर्म पॉलिसी (ठरावीक मुदतीचा निव्वळ विमा) धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसाला या वयात महिना तीस-चाळीस डॉलरला मिळते. ४०१(के)मध्ये ६,६०० घातले तर करात वाचल्यामुळे हातातला पगार साडेचार हजारांनीच कमी होईल. हप्त्याच्या वर्षाच्या ८,४०० मधून हे दोन्ही भागून साडेतीन हजार उरतात. ते रॉथ आयआरए या निवृत्ती खात्यात, कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात टाका.

मॅकॅफीचे साडेतेवीस हजार कर जाऊन साडेएकवीस उरतील. ते सगळे साध्या बचत खात्यात ठेवा. व्याज नगण्य आहे हे मान्य. पण कॅलिफोर्नियात बेरोजगारी बारा टक्क्यांच्या वर असताना तुमच्याकडे एका महिन्याचाही घरखर्च बाजूला नाही. पॉलिसीतले पाच हजार म्हणजे शिल्लक नव्हे.

ते स्नेही "आता मोडलीत तर नुकसान" म्हणतील. नुकसान झालेलेच आहे. पुढचा प्रत्येक हप्ता ते वाढवेल. तरीही शंका वाटली तर विमा कंपनीकडून ५ टक्के वाढ धरून नवा तक्ता मागवा आणि सत्तरीनंतरचे रकाने वाचा. मंडळात दोघांची भेट होतच राहणार, म्हणून हे फोनवर बोलत बसू नका, थेट कंपनीला लिहा.

क्रम तेवढा सांभाळा. ४०१(के) याच पगारापासून सुरू करा. टर्मसाठी आज अर्ज करा. वैद्यकीय तपासणीत काही आठवडे जातील. नवी पॉलिसी मंजूर होऊन हातात येईपर्यंत जुनी मोडू नका. मधला हप्ता भरावा लागला तर भरा.