मॅच थांबते रे, आत्या नाही थांबत

पत्र:

"मावशी, नमस्कार. मी ठाण्यात राहतो, वय 41. घरात टीव्ही एकच, रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स आहे आणि साडेआठला तिघांचे तीन चॅनल. अण्णांची (वडील, वय 76) मालिका, बायकोची दुसऱ्या चॅनलवरची मालिका, आणि आयपीएल चालू असलं की माझी मॅच. बॉक्स एका वेळी दोनच चॅनल घेतो. मी घरी पोचतो पावणेनऊ-नऊला आणि बायको त्या वेळात मुलीचा अभ्यास घेते, म्हणून आमची दोघांची रेकॉर्डिंगं मी सकाळीच सेट करून जातो. मग अण्णांनी साडेआठला त्यांचा चॅनल लावला की मेसेज येतो, दोन रेकॉर्डिंग चालू आहेत, कोणतं थांबवू? दोनदा त्यांनी माझी मॅच उडवली. तेव्हापासून सांगून ठेवलंय की तो मेसेज आला की काही दाबायचं नाही. त्यांच्या मालिकेचं रिपीट रात्री 11ला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 1ला असतंच, ते दिवसभर घरीच असतात, पण दुपारीही बघत नाहीत, हट्टच आहे. हल्ली कमी बोलतात. पूर्वी मालिका संपली की नऊला बेळगावच्या आत्याला फोन लावायचे, अर्धा तास मोठमोठ्याने, तेही बंद झालंय, तेवढीच शांतता. दुसरा टीव्ही घेऊ की जास्त चॅनल रेकॉर्ड करणारा बॉक्स? - वैतागलेला"

अरे वैतागलेल्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले. "तेवढीच शांतता." बाकी बॉक्स, चॅनल, मेसेज सगळं सविस्तर लिहिलंयस आणि जे घडलंय ते मात्र शेवटी असं टाकून दिलंस, भाजी घेतल्यावर पिशवीत कोथिंबिरीची काडी टाकतात तसं.

तुला वाटतंय अण्णांची मालिका बंद झाली. मालिका गेली खड्ड्यात रे, तिच्यात तीन महिन्यांत काय घडतं ते तुलाही माहितीय नि मलाही. साडेआठ ते नऊ बहीण-भाऊ दोन गावांत बसून एकच गोष्ट बघत होते आणि नऊला बोलायला विषय तयार असायचा. या वयात सरळ फोन करून "कशी आहेस, मला करमत नाही" असं म्हणणारी पिढी नाही ती. त्यांना निमित्त लागतं. "बघितलंस का, त्या सुनेने दागिने कुठे लपवले" इथून सुरू होतं, मग गाडी हळूच गुडघ्यावर येते, बीपीच्या गोळीवर येते, गल्लीतलं कोण गेलं यावर येते, आणि मोठमोठ्याने का, तर दोघांनाही कमी ऐकू येत असणार, दुसरं काय!

आणि तू म्हणतोस दुपारी 1चं रिपीट बघा. बघून काय करू? तोवर आत्याने आदल्या रात्रीच बघितलेलं असतं, तिचं बोलून झालेलं असतं, कदाचित शेजारणीशी. दुपारी एकटं बघून रात्री नऊला शिळं सांगायचं, तोवर तिकडे पुढचा एपिसोडही झालेला. माझी आई म्हणायची रेकॉर्ड केलेलं म्हणजे शिळी पोळी, फोडणीची करून आपण खातो, पाहुण्याला वाढत नाही. तेव्हा मी हसायचे.

आता जरा तुझ्याच हॉलमध्ये साडेआठला उभा राहून बघ. तू ट्रेनमध्ये. बायको आतल्या खोलीत मुलीचे पाढे घेतेय. सोफ्यावर एक 76 वर्षांचा माणूस रिमोट घेऊन बसलाय, चॅनल लावतो, चौकट येते, कोणतं थांबवू? त्याला सांगितलंय काही दाबायचं नाही. तो दाबत नाही. थोडा वेळ चौकटीकडे बघतो आणि टीव्ही बंद करतो. म्हणजे त्या अर्ध्या तासात तुमच्या घरात तुझी मॅच एक मशीन बघतंय, बायकोची मालिकाही तेच मशीन बघतंय, आणि जो एकमेव जिवंत माणूस टीव्हीसमोर हजर आहे त्याला काळा पडदा. याला तू हट्ट म्हणतोस?

अरे रेकॉर्डिंग ही भानगड निघालीच मुळी त्या वेळेला हजर नसणाऱ्यासाठी. अमेरिकेत 1976 साली सिनेमा कंपन्यांनी सोनीवर केस ठोकली होती की तुमच्या बेटामॅक्सवर, म्हणजे टीव्हीवरचं टेप करणाऱ्या यंत्रावर, लोक आमचे कार्यक्रम फुकट टेप करतात, ती थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 1984 साली 5 विरुद्ध 4 अशी सोनी जिंकली, कारण काय, तर लोक टेप करतात ते बहुतेक नंतर बघण्यासाठी, लागतं त्या वेळेला बघायला जमत नाही म्हणून. टाइम शिफ्टिंग म्हणतात त्याला. शिफ्ट कोणी व्हायचं? ज्याला जमत नाही त्याने. साडेआठला अण्णा घरी आहेत आणि तू नाहीस, तरी तू शिफ्ट केलंस अण्णांना.

(मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं तेव्हा चॅनल एकच होता, भांडण व्हायचं ते टीव्हीवाल्यांच्या घरात चटईवर पुढे कोण बसणार यावरून, आणि तिथेही म्हाताऱ्या माणसांना खुर्ची मिळायची.)

दुसरा टीव्ही घेऊ नकोस. घेतलास की तो अण्णांच्या खोलीत जाणार आणि त्याच्यामागोमाग अण्णा, मग दार लोटलेलं. नवा बॉक्सही नको, आहे त्यात सगळं बसतं, तू नीट मांडलं नाहीस एवढंच. बॉक्सला ट्यूनर दोन, म्हणजे दोन चॅनल. एक तुझ्या मॅचला दे, साडेसातपासून रेकॉर्ड. दुसरा साडेआठला मोकळा ठेव, त्यावर अण्णा लाइव्ह बघतील, त्यांना रेकॉर्डिंग लागतच नाही. बायकोच्या मालिकेला तर काहीच घाई नाही, ती तशीही नंतरच बघते, तर तिच्या मालिकेचं साडेआठचं काढून टाक आणि गाइडमध्ये, म्हणजे बॉक्समधल्या वेळापत्रकात, रात्रीचं रिपीट शोधून त्याला सिरीज रेकॉर्डिंग लाव, म्हणजे रोजचा एपिसोड आपोआप घेतला जाईल, त्या वेळी अण्णांचा ट्यूनर रिकामाच असतो. एवढंच होतं रे! रिपीट अण्णांना दाखवत बसलास आणि ते ज्याला चालतं त्याला लावलंच नाहीस. रविवारी महाएपिसोड असला की वेळा सरकतात, तेवढं शनिवारी गाइड उघडून बघत जा.

मॅचचं सांगते, कारण मला माहितीय तुझा जीव तिथे आहे. रेकॉर्डिंग चालू असतानाही बहुतेक बॉक्सवर पहिल्या बॉलपासून लावता येतं. नऊला टीव्ही रिकामा होतो, अण्णा फोनवर, तू जेवायला बस आणि सुरुवातीपासून लाव. जाहिराती, दोन डावांमधला ब्रेक, ते अडीच-अडीच मिनिटांचे स्ट्रॅटेजिक टाइमआउट पळवत गेलास की बरंच अंतर कापशील. शेवट तेवढा वाढवून ठेव, मॅच गाइडमधल्या वेळेला संपेलच असं नाही, नाहीतर शेवटच्या ओव्हरला रेकॉर्डिंग बंद आणि मग मला परत पत्र. स्कोअरचे नोटिफिकेशन आणि सोसायटीचा ग्रुप बंद ठेव. शेजारचा ओरडला तर इलाज नाही, कानात बोटं घाल.

पण हे सगळं सेट करून तू गप्प बसलास तर काही होणार नाही. अण्णा आपणहून रिमोट घेणार नाहीत आता, तू "काही दाबायचं नाही" म्हणालायस ना. आणि ते आत्यालाही आपणहून फोन करणार नाहीत, कारण तिने विचारलं की इतके दिवस का नाही केलास तर सांगणार काय, मुलगा टीव्ही लावू देत नाही? बाप असं बहिणीला सांगत नाही.

म्हणून एक दिवस लवकर नीघ. मॅच असलेलाच दिवस घे. सव्वाआठला घरात ये, आत्याला तू स्वतः फोन लाव, म्हण आत्या, अण्णांच्या टीव्हीत बिघाड होता, माझ्यामुळे झाला होता, आज दुरुस्त केलाय, नऊला त्यांचा फोन येईल, झोपू नकोस. हे अण्णांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोल, तुमच्या घरात तशी सवय आहेच. मग चॅनल लाव, रिमोट त्यांच्या हातात दे आणि साडेआठला तिथेच बसून बघ की चौकट येत नाहीये.

आणि त्यांनी मध्येच विचारलं की तुझी मॅच नाही का आज, तर म्हण, आहे, थांबलीय.

- मावशी