यादी अडते कुठं?

प्रश्न : परभणीत आमचं डीटीपी सेंटर आहे. स्क्विड प्रॉक्सी (सगळ्यांचं नेट ज्यातून जातं तो मधला प्रोग्राम) बसवल्यापासून फाइलझिलात (फायली पाठवायच्या प्रोग्रामात) लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी येत नाही. लग्नपत्रिकांच्या फायली छत्रपती संभाजीनगरच्या छापखान्यात जायच्या अडकल्यात. शिवाय गिऱ्हाईकं आमचंच नेट वापरतात. त्यांची माहिती बाहेर जाते का?

उत्तर : लॉगिन होतंय, म्हणजे 21 नंबरचं पोर्ट (जोडणीचं दार) तुम्ही स्क्विडमध्ये उघडलेलंच आहे. पण एफटीपी, म्हणजे फाइलझिला इथं वापरतो ती फायली पाठवायची पद्धत, यादी आणि फाइल वेगळ्या वाटेनं पाठवतं. पॅसिव्ह मोडमध्ये (यात ही दुसरी जोडणीही तुमच्याच बाजूनं होते) त्या वाटेचं पोर्ट छापखान्याचा सर्व्हर दर वेळी नव्यानं सांगतो, आणि स्क्विड 'कनेक्ट'ची (एखाद्या पोर्टाला थेट जोडून देण्याची) विनंती मुळात फक्त 443 लाच सोडतो. छापखान्याकडून त्यांच्या पॅसिव्ह पोर्टांची रेंज मागून घ्या आणि त्यांच्याच आयपीपुरती उघडा. 1024 च्या पुढचं सगळं सगळ्यांना मोकळं करून देणारे महाभाग भेटतात. त्यांचं ऐकू नका.

गिऱ्हाइकांचं म्हणाल, तर साध्या एचटीटीपीवर स्क्विड आतल्या संगणकाचा आयपी पुढं कळवतो. स्क्विडच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'फॉरवर्डेड_फॉर डिलीट' (forwarded_for delete) आणि 'व्हाया ऑफ' (via off) या दोन ओळी टाका. एचटीटीपीएसमध्ये तो प्रश्नच येत नाही. खरी भानगड तुमच्याच ॲक्सेस लॉगची (स्क्विडच्या नोंदवहीची) आहे, कुणी कोणती साइट उघडली ते तिथं साठत राहतं. जुने लॉग वेळच्या वेळी पुसा.

आणि हो, साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. छापखान्याकडे एसएफटीपी (फायली पाठवायची कुलूपबंद पद्धत) असेल, तर एकट्या 22 वर सगळं भागतं.