खोटं बोलून जीव वाचवला, तर?

प्रश्न: आमच्या वाचक मंडळात वाद झाला. नाझी काळात ज्यूंना लपवणारे देवभोळे लोक पोलिसांशी खोटं बोलले. मग सत्याच्या आज्ञेचं काय?
– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)

उत्तर: ज्यूंना लपवणारं फ्रान्समधलं ल शाँबाँ हे गाव पाहा. तिथले बहुतेक प्रोटेस्टंट, म्हणजे कॅथलिकांहून वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे. 1685 मध्ये राजाने त्यांच्या पंथाची मोकळीक काढून घेतल्यावर पूर्वजांनी छळ सोसलेला. त्यामुळे दारी आलेल्याला आसरा देणं त्यांना नवं नव्हतं. पाद्री आंद्रे त्रोक्मे त्यांना बायबलमधल्या आश्रयाच्या नगरांची, म्हणजे जीव वाचवायला पळून आलेल्याला जिथे अभय मिळे त्या गावांची, आठवण देत.

1942 च्या उन्हाळ्यात सरकारी अधिकाऱ्यांनी गावातल्या ज्यूंची यादी मागितली. त्रोक्मेंनी दिली नाही. बनावट ओळखपत्रं त्यांना खुपत, तरी गावात ती तयार होत. पण 1943 मध्ये त्यांनाच पकडून छावणीत ठेवलं आणि सुटण्यासाठी सरकारच्या आज्ञा पाळण्याच्या हमीवर सही मागितली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. फरक इथेच आहे: दुसऱ्याच्या जिवासाठी लबाडी सोसली, स्वतःच्या सुटकेसाठी नाही.

धोका खरा होता. जून 1943 मध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर धाड पडली. त्याचे प्रमुख, पाद्रींचे नातलग दानिएल त्रोक्मे, मुलांसोबत पकडले गेले आणि 1944 मध्ये मायदानेक या नाझी छावणीत मेले.

श्रद्धा असली की माणूस असाच वागतो, असं मात्र मुळीच नाही. तेच बायबल वाचणारे युरोपभर गप्पही बसले. पुढच्या बैठकीत ‘खोटं पाप की पुण्य’ असा विषय ठेवू नका. दारात पोलीस, माळ्यावर पाहुणे, घरात आपली लेकरं, असा प्रसंग ठेवा आणि घाबरलेल्या माणसाची बाजू आधी मांडू द्या.