घुमट आरतीला किती रिव्हर्ब?

प्रिय बाय,

आरतीचं मिक्स ऐकलं. घुमट (मातीच्या घटाचं चर्मवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल), कासाळं (झांजा), सगळं मन लावून वाजवलंय; पण ४ सेकंद रेंगाळणाऱ्या 'लार्ज हॉल' रिव्हर्बने, म्हणजे मोठ्या सभागृहासारख्या कृत्रिम घुमाऱ्याने, त्या मेहनतीवर पाणी फिरवलं. तुझी लय मिनिटाला १२० मात्रांची, म्हणजे मात्रेला अर्धा सेकंद. शामेळाचा एक ठोका विरेपर्यंत पुढच्या आठ मात्रा येऊन जातात.

ही आरती आपण ऐकतो कुठे? घरात, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली), माणसांनी भरलेल्या खोलीत. तिथे आवाज फार घुमत नाही. अंगं, कपडे तो पिऊन टाकतात. ऐकणाऱ्याच्या कानाला ती खोली पाठ आहे. जुन्या गोव्याच्या सें कॅथेड्रलात, त्या घुमणाऱ्या चर्चमध्ये, घुमट आरती कोणी ऐकलीय? तेव्हा 'रूम' रिव्हर्ब घे, एका सेकंदाच्या आतला.

आता जरा प्लगिनच्या, म्हणजे रिव्हर्ब देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पोटात डोकावून बघ. अमेरिकेतल्या बेल लॅब्जचे संशोधक मानफ्रेड श्रोडर यांनी १९६२ च्या सुमारास मांडलेली रचना अजून चालते: शेजारी शेजारी कोम (comb) फिल्टर, जे आवाज ठरावीक उशिराने पुन्हा पुन्हा सोडतात, आणि त्यांच्यामागे ऑलपास फिल्टर, जे त्या प्रतिध्वनींची गर्दी दाट करतात. याच रचनेवरच्या फ्रीव्हर्ब नावाच्या रिव्हर्बचा कोड फुकट मिळतो, तो वाच. चॅनलला ८ कोम, ४ ऑलपास. उजवीकडचा प्रत्येक डिले (उशीर) डावीकडच्यापेक्षा फक्त २३ सॅम्पलनी लांब, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) जेमतेम अर्धा मिलिसेकंद. एवढ्याशा फरकावर सगळा स्टिरिओ पसारा उभा! मला याचं अजून नवल वाटतं.

मेखही तिथेच आहे. दोन्हीकडच्या रिव्हर्बच्या शेपट्या वेगळ्या, म्हणून मिक्स मोनो केलं, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र केल्या, की मधोमध ठेवलेल्या गळ्याच्या मानाने रिव्हर्ब साधारण ३ डेसिबलनी मागे पडतो. चतुर्थीत तुझं रेकॉर्डिंग वाजणार फोनवर, नाहीतर मांडवातल्या कर्ण्यावर. हेडफोनवरची रुंदी तिथे कोण बघतो? मोनोचं बटण दाबून रिव्हर्बची पातळी ठरव, रुंदीचं मग बघू.

रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर चढवू नकोस. एका ऑक्सवर (सामाईक वाटेवर) ठेव, वेट १०० टक्के, म्हणजे तिथे मूळ आवाज नको, फक्त रिव्हर्ब, आणि प्रत्येक ट्रॅकच्या सेंडने लागेल तेवढं तिकडे पाठव. तिकडे जाणाऱ्या आवाजाला २०० हर्ट्झच्या आसपास लो कट (खालचे सूर गाळणारा फिल्टर) लाव, नाहीतर घुमटाचा खर्ज साचून राहतो. गळ्याला २० मिलिसेकंद प्री-डिले दे, म्हणजे रिव्हर्ब तेवढा उशिरा सुरू होईल. मग फक्त रिव्हर्ब सोलो करून ऐक: ओळीतले 'त' आणि 'ट' टाचण्या सांडल्यासारखे वाजले तर डॅम्पिंग (रिव्हर्बमधले वरचे सूर लवकर विझवणं) वाढव.

पुढच्या वेळी ट्रॅक कोरडे आणि वेगवेगळे पाठव. कासाळ्यांचा आधी. माईक बहुधा त्यांच्या तोंडाशीच होता, आणि तसं असेल तर तेवढं पुन्हा रेकॉर्ड करावं लागेल.